नकाशा कोणाचा, जमीन कोणाची?

१५ जून २०२० च्या रात्री लडाखमधील गलवान नदीच्या खोऱ्यात वीस भारतीय जवान मृत्युमुखी पडले आणि त्यानंतरचे काही आठवडे वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर नकाशांचा पूर लोटला. कोणती रेषा कोठून जाते, कोणता कडा आपला आणि कोणता पलीकडचा, याची चर्चा चावडीवर आणि एस. टी. स्टँडवरही झाली. राष्ट्रभक्तीच्या त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हे नकाशे काढले कोणी, कशासाठी काढले, आणि ज्यांच्या पायाखालच्या जमिनीचे ते होते त्यांना कोणी कधी विचारले होते काय? हा प्रश्न एकट्या हिमालयाचा नाही. तो तेरणाकाठच्या सास्तूर-किल्लारीचाही आहे. समाजवादी चळवळीने जमिनीचा प्रश्न नेहमी मालकीच्या अंगाने मांडला, आणि ते योग्यच होते. परंतु मालकी सिद्ध होते ती कागदावर, आणि कागद उभा राहतो तो मोजणीवर. तेव्हा मोजणी कोणाच्या हाती आणि नकाशा कोणाच्या कपाटात, हा जमिनीच्या प्रश्नाचाच एक भाग मानून त्याचा विचार आपण केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

लडाखच्या हिमनद्या आणि मराठवाड्याची काळी जमीन यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. दोन्हींचा नकाशा एकाच जाळ्यात विणला गेला. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीवर एक पायारेषा साखळीने मोजली आणि तेथून त्रिकोणांची मालिका उत्तरेकडे नेण्यास आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. एका टेकडीवरून दुसरीकडे नजर लावीत असे शेकडो त्रिकोण जोडले की सबंध देश मोजता येतो. अर्ध्या टन वजनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर चढवीत ही मालिका निझामाच्या मुलखात शिरली. १८१५ साली बीदरच्या बाजूला नव्याने पायारेषा मोजली गेली. लॅम्ब्टनचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. त्याची कबर आजही तेथे आहे. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट त्या सुमारास बीदरपासून पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने, त्रिकोणांची दुसरी मालिका नेण्याच्या कामावर होता. ही मालिका अठराव्या अक्षांशाच्या आसपासची, आणि सास्तूरही त्याच अक्षांशाला लागून आहे. म्हणजे ज्या मोजणीने पुढे जगातील सर्वांत उंच शिखराची उंची काढली, तिचा रस्ता आपल्या शिवारांच्या जवळून गेलेला आहे.

लॅम्ब्टनची मालिका पुढे डेहराडूनपर्यंत पोचली. तेथून तिच्या शाखा हिमालयात शिरल्या आणि १८५५ ते १८६४ या काळात टी. जी. माँटगोमेरी याच्या हाताखालील तुकड्यांनी काश्मीर व लडाखचे सर्वेक्षण केले. याच मोहिमेत १८५६ साली काराकोरमच्या शिखरांना क्रमांक पडले आणि त्यांतील दुसरा क्रमांक ‘के-२’ हे त्या महाशिखराचे नावच होऊन बसले. तेथे राहणाऱ्यांनी शिखरांना आणि नद्यांना काय नावे दिली आहेत, याची फारशी चौकशी न करता दिलेला तो क्रमांक होता. सत्तेला मुलूख हवा असतो, नाव नंतर पाहता येते.

या प्रचंड कामात शास्त्र नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्या काळातील मानवी बुद्धीच्या थोर पराक्रमांत त्याची गणना केली पाहिजे. परंतु त्या पराक्रमात घाम कोणाचा होता? यंत्रे वाहणारे हमाल, टेकड्यांवर झेंडे धरून उभे राहणारे, झाडे तोडून नजरेची वाट मोकळी करणारे, सगळे याच देशातले. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात एव्हरेस्टची सबंध तुकडी तापाने आडवी झाली आणि कित्येक माणसे परतीच्या वाटेवर मेली. त्यांची नावे कोठे नोंदलेली आढळत नाहीत. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराचे गणित करणारा राधानाथ शिकदार हा बंगाली गणिती. शिखराला नाव मात्र १८६५ साली एव्हरेस्टचे मिळाले. श्रम आणि ज्ञान एकाचे, नाव आणि मुलूख दुसऱ्याचे, ही वसाहतवादी अर्थव्यवस्थेची रीत येथेही मोडली नाही.

आपल्या गावगाड्यातही हीच रीत निराळ्या वेशात होती, हे विसरून चालणार नाही. साहेबाची साखळी येण्यापूर्वी गावाची शीव कोणाला ठाऊक असे? महाराला. दोन गावांमध्ये शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. कोणत्या बाभळीपासून कोणत्या ओढ्यापर्यंत, कोणता दगड शिवेचा आणि कोणता सहज पडलेला, हे तो सांगे. गावाचा नकाशा त्याच्या स्मरणात होता. पण ज्याला सबंध शिवाराची हद्द तोंडपाठ, त्याच्या वाट्याला त्या शिवारातील चांगल्या जमिनीचा तुकडाही क्वचितच आला. वतनाच्या नावाखाली त्याच्याकडून चोवीस तासांची चाकरी घेतली गेली. जमिनीचे ज्ञान असणे वेगळे आणि जमिनीवर हक्क असणे वेगळे, ही फारकत इंग्रजांनी आणलेली नव्हती. ती त्यांना आयती मिळाली आणि त्यांनी ती कागदावर पक्की केली.

आता नळदुर्गचे उदाहरण घेऊ. निझामाच्या पदरी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमाखालील एक फौज होती. तिच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेले. सावकाराने थकलेल्या कर्जापोटी शेत गहाण ठेवून घ्यावे, तसे कंपनी सरकारने जिल्हेच्या जिल्हे ठेवून घेतले. नळदुर्गावर अधिकारी म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. पुढे ठगांवरच्या कादंबरीमुळे आणि आत्मचरित्रामुळे ज्याचे नाव राहिले, तोच हा. माणूस सहृदय होता आणि त्याने जमीनमहसुलाची जी नवी आकारणी केली तिने रयतेचे ओझे काहीसे हलके झाले, असे त्याच्याविषयी म्हटले जाते. त्याचबरोबर सरकारचे उत्पन्न वाढले, असेही म्हटले जाते. या दोन वाक्यांतील दुसरे वाक्य सरकारच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. १८६० साली नळदुर्ग निझामाला परत मिळाले. एका पिढीच्या आत एकाच कुणब्याच्या साऱ्याचा धनी दोन वेळा बदलला आणि त्या दोन्ही वेळी हद्द बदलताना त्याला कोणी विचारले नाही.

मोजणीची पद्धत शेजारच्या मुंबई इलाख्यातली. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली, तेहतीस फुटांची साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला क्रमांक, जमिनीच्या प्रतीप्रमाणे आकार आणि तीस वर्षांची हमी, अशी ती पद्धत पुढे सालारजंगाच्या सुधारणांच्या ओघात निझामी मराठवाड्यातही आली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या मोजणीने एक मूलभूत गोष्ट केली. जमीन ही सरकारच्या वहीत ओळखता येईल, तिच्यावर आकारणी करता येईल आणि आकार थकला तर लिलाव करता येईल, अशी वस्तू झाली. सावकारालाही हेच हवे होते. क्रमांक पडलेले शेत गहाण ठेवणे, आणि कोर्टातून ताब्यात घेणे, सोपे असते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खाती जाळली ती याच व्यवस्थेच्या पोटातून पेटलेली आग होती. नकाशा निर्दोष असू शकतो. त्यावरील प्रत्येक कोन बरोबर असू शकतो. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून काढलेला असतो तो प्रश्न ‘सरकारला किती?’ असा होता, ‘कसणाऱ्याला किती?’ असा नव्हता.

तरीही गावच्या मोजणीत एक गुण होता. शेतकरी बांधावर उभा राहून भांडू शकत होता. सरहद्दीच्या मोजणीत तोही मार्ग नव्हता. १८६५ साली डब्ल्यू. एच. जॉन्सन नावाचा सर्वेक्षण खात्याचा कर्मचारी लडाखमधून खोतानला गेला आणि परत येऊन त्याने जो नकाशा केला त्यात अक्साई चीनचे पठार काश्मीरच्या महाराजांच्या मुलखात दाखवले होते. हाच जॉन्सन पुढे महाराजांच्या नोकरीत लडाखचा अधिकारी झाला. १८९९ साली इंग्रज सरकारने चीनपुढे दुसरीच एक रेषा ठेवली. तीत अक्साई चीनचा मोठा भाग पलीकडे जात होता. चीनने तिला उत्तरच दिले नाही. रशिया पुढे सरकला की लंडनला एक रेषा सोयीची वाटे, रशिया मागे हटला की दुसरी. साम्राज्याच्या बुद्धिबळाच्या पटावर या रेषा मागेपुढे होत राहिल्या आणि तो पट स्वतंत्र भारताला वारसा म्हणून मिळाला.

त्यातही ही भूमी अशी की तेथे रेषा ठरत नाही. श्योक, नुब्रा, गलवान, शक्सगाम या नद्या हिमनद्यांच्या आणि बर्फाच्या पाण्यावर वाहतात. हिमनदी सरकते, वाढते, आटते. काराकोरमातील चोंग कुमदान या हिमनदीने श्योकचे पात्र अडवले, मागे सरोवर तुंबले, आणि १९२६ व १९२९ साली तो बर्फाचा बांध फुटून खाली सिंधूच्या काठापर्यंत पुराचा तडाखा बसला. त्याच १९२६ साली केनेथ मेसन शक्सगामच्या खोऱ्याचे सर्वेक्षण करण्यास गेला होता. त्याच्यासोबत प्रत्यक्ष मोजणीचे काम करणारा अफ्राज गुल खान हा सर्वेक्षण खात्यातील हिंदी माणूस होता. ज्या नदीला गलवान हे नाव आहे तो गुलाम रसूल गलवान लेहचा वाटाड्या. युरोपीय प्रवाशांना त्याने आयुष्यभर दऱ्याखोऱ्यांतून वाट दाखवली आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनाचे नाव ‘सर्व्हंट ऑफ साहिब्स’, म्हणजे साहेबांचा नोकर, असे आहे. वाट दाखवणारा नोकर आणि वाट कागदावर काढणारा साहेब, हे नाते गावच्या शिवेपासून काराकोरमपर्यंत एकच आहे.

स्वातंत्र्यानंतर तरी हे बदलले काय? १९५४ पर्यंत सरकारी नकाशांवर लडाखच्या पूर्वेकडील हद्दीजवळ ‘सीमा अनिश्चित’ अशा अर्थाची नोंद असे. १ जुलै १९५४ च्या टिपणाने पंतप्रधान नेहरूंनी जुने नकाशे मागे घेऊन पक्की रेषा दाखवणारे नवे नकाशे काढण्याचा आदेश दिला. रेषा पक्की झाली; पण ना संसदेत त्यावर चर्चा झाली, ना शेजाऱ्याशी बोलणी, ना तेथील मेंढपाळांशी. चीनने त्या पठारावरून रस्ता केला तो १९५७ साली पुरा झाला आणि देशाला ते कळले उशिराने. १९५९ साली त्या भूमीवर गवताचे पातेही उगवत नाही, अशा आशयाचे उद्गार नेहरूंनी संसदेत काढले. ज्या भूमीच्या आसपास पिढ्यान् पिढ्या चांगपा मेंढपाळ पश्मिन्याच्या शेळ्या चारीत आले तिच्याविषयीचे हे उद्गार आहेत! दिल्लीच्या नकाशावर गवत दाखवण्याची खूण नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

डॉ. राममनोहर लोहियांनी त्या काळात जो युक्तिवाद मांडला तो या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. मानसरोवराजवळच्या मनसर गावाचा महसूल स्वातंत्र्यानंतरही भारताकडे येत होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांच्या निष्कर्षांशी कोणी सहमत असो वा नसो, पुराव्याची जागा त्यांनी अचूक हेरली होती. कोणत्या लाटसाहेबाने कोठे रेषा काढली यापेक्षा तेथला माणूस कोणाला सारा देत होता, कोणत्या बाजारात जात होता, त्याची गुरे कोठे चरत होती, हे त्यांनी विचारले. सीमेचा प्रश्न लोकांच्या जगण्यातून सुरू करण्याची ही दृष्टी समाजवाद्यांची होती. ती सत्तेने ऐकली नाही. १९६२ च्या जुलैत गलवान खोऱ्यातील चौकीला चिनी सैन्याने वेढा घातला आणि २० ऑक्टोबरला ती पडली. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचा अभिमान महाराष्ट्राने मिरवला. तो अभिमान खोटा नव्हता. पण पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ साली सादर झाला, आणि आजतागायत सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. नकाशाही गुप्त आणि नकाशामुळे झालेल्या हानीचा हिशेबही गुप्त, असा हा प्रकार आहे.

सियाचेनची कथा आणखी उद्बोधक आहे. १९४९ च्या कराची कराराने युद्धबंदी रेषा एन-जे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे ‘तेथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढे शब्द लिहून हात झटकले. तेथे माणूस लढायला जाईल असे कोणाला वाटले नसावे. एप्रिल १९८४ पासून तेथे सैन्य आहे, आणि गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने व हिमकड्यांनी अधिक जवान मेले. अर्धवट सोडलेल्या एका वाक्याचे व्याज चाळीस वर्षांहून अधिक काळ शेतकऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची मुले फेडीत आहेत. २०२० नंतर सैन्य मागे घेण्याच्या तडजोडीत काही ठिकाणी गस्तबंदीचे पट्टे झाले. तेव्हा हिवाळ्यातील आमची कुरणे गेली, असे पूर्व लडाखमधील मेंढपाळ आणि त्यांचे लोकप्रतिनिधी सांगू लागले. कुरणाचा नकाशा त्यांच्याजवळ आहे, सरकारी कागदावर नाही.

आता इतक्या दूरवरून पुन्हा तेरणेच्या काठी येऊ. तेरणेच्या एका अंगाला किल्लारी, दुसऱ्या अंगाला सास्तूर. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि एकाच खोऱ्यातील ही गावे दोन जिल्ह्यांत वाटली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटे असताना जो भूकंप झाला त्याने ही जिल्ह्याची रेषा पाहिली नाही. जवळजवळ आठ हजार माणसे मेली. त्या वेळी भारतीय मानक संस्थेच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, गटात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे तो नकाशा सांगत होता. वास्तविक १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते, लोक घाबरून बाहेर निजत होते आणि सरकारदरबारी सांगत होते. पण नकाशा एक सांगतो आणि गावकरी दुसरेच सांगतात, तेव्हा कोणाचे खरे मानायचे, हे आपल्या राज्यव्यवस्थेत फार पूर्वी ठरून गेलेले आहे. २००२ च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या गटात गेला. नकाशा दुरुस्त झाला. ज्यांच्यामुळे झाला ती माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली होती.

पुनर्वसनातही नकाशाने आपले काम केले. जागतिक बँकेच्या कर्जातून दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. नवे घर किती मोठे द्यायचे, हे कशावर ठरले? कुटुंबात माणसे किती, यावर नव्हे. जमीन किती, यावर. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, त्यावरील सात हेक्टरपर्यंत ४५० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. आठ माणसांचे शेतमजुराचे कुटुंब २५० फुटांत आणि तीन माणसांचे बागायतदाराचे ७५० फुटांत! अनेक गावांत या प्रवर्गांप्रमाणेच ओळी पडल्या. भूकंपाने एका रात्रीत वाडा आणि झोपडी सारखीच जमीनदोस्त केली होती. सातबाराच्या उताऱ्याने ती विषमता पुन्हा काटेकोरपणे मोजून उभी केली. पक्की, भूकंपाला टिकणारी घरे मिळाली, रुंद रस्ते झाले, याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु समतेची नवी आखणी करण्याची एवढी मोठी संधी पुन्हा येणार नव्हती आणि ती गमावली गेली, हेही तितकेच खरे.

हा इतिहास आज का सांगायचा? कारण मोजणीचा एक नवा काळ सुरू झाला आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे पहिला प्रयोग झाल्यानंतर राज्यात ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली आणि २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ या नावाने ती देशभर नेण्यात आली. घराचे मालमत्ता पत्रक मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या पत्रकावर कर्ज मिळेल हा तिचा मुख्य लाभ म्हणून सांगितला जातो तेव्हा इंदापूरच्या साखळीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्यावर कर्ज मिळते ते जप्तही होते. शिवाय आकाशातून छप्पर दिसते. त्या छपराखाली किती भाऊ राहतात, घर सुनेच्या नावावर का नाही, गावठाणाबाहेरच्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या राहणारे कोण, हे दिसत नाही.

गायरानांचा प्रश्न याहून तिखट आहे. मराठवाड्यात हजारो भूमिहीन, त्यांत बहुसंख्य दलित, कुटुंबांनी गायराने कसली. दगडधोंडे वेचून जमीन केली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, तरी कित्येकांची नोंद अजून कागदावर चढलेली नाही. नकाशावर गायरान, जमिनीवर ज्वारीचे पीक! नव्या मोजणीत जर जुनाच नकाशा प्रमाण धरला, तर अचूक यंत्राने अन्याय अधिक अचूक होईल, इतकेच. नागपूर ते गोवा या नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या बाबतीतही हेच दिसले. आखणी आधी झाली, बारा जिल्ह्यांतून रेषा गेली आणि जमीन जाणाऱ्याला ती नंतर कळली. म्हणून ठिकठिकाणी शेतकरी मोजणीच्या आड उभे राहिले. मोजणी अडवणारा शेतकरी विकासविरोधी आहे, असे म्हणणाऱ्यांनी दोनशे वर्षांत मोजणीने त्याला काय दिले याचा हिशेब आधी मांडावा.

राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी नकाशे गुप्त ठेवावे लागतात, हा आक्षेप ठरलेला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. सैन्याच्या ठाण्यांची माहिती उघडी करा असे कोणी म्हणत नाही. पण १९६१ च्या फौजदारी कायद्यात १९९० साली भर घालून सर्वेक्षण खात्याच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली गेली. अनेक वर्षे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकाच्या हाती लागत नव्हते. आणि या सर्व काळात परक्या राष्ट्रांचे उपग्रह आपला प्रत्येक ओढा पाहतच होते. शत्रूला जे ठाऊक ते नागरिकापासून लपवण्यात कोणती सुरक्षितता? १५ फेब्रुवारी २०२१ च्या निर्देशांनी हे निर्बंध सैल झाले, ते मात्र खासगी कंपन्यांना धंदा करता यावा या घोषित हेतूने. सर्वेक्षण खाते १७६७ सालचे. अडीचशे वर्षे रयतेच्या साऱ्यातून आणि नागरिकांच्या करातून जे ज्ञान जमा झाले, ते कंपन्यांना कच्चा माल म्हणून खुले झाले. त्याच ज्ञानासाठी ग्रामसभेने अर्ज केला तर तिला कोणत्या खिडकीवर उभे राहावे लागते, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेली वस्तू सार्वजनिकच राहिली पाहिजे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातले तत्त्व आहे.

तेव्हा पक्षाने आणि समविचारी संघटनांनी या बाबतीत निश्चित मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. एक, ड्रोन मोजणीचा प्रत्येक नकाशा अंतिम होण्यापूर्वी ग्रामसभेत वाचला जावा, चावडीवर लावला जावा, आणि हरकतीसाठी पुरेशी मुदत व विनामूल्य साहाय्य मिळावे. पत्रकावर पतीबरोबर पत्नीचेही नाव असावे. दोन, गायरान कसणाऱ्यांची प्रत्यक्ष वहिवाट नव्या मोजणीत नोंदली जावी. १९९१ चा निर्णय लागू असलेले एकही कुटुंब त्या नोंदीतून सुटता कामा नये. तीन, महामार्ग, धरण वा कारखाना यांची आखणी अधिसूचनेच्या आधी गावाच्या नकाशावर दाखवून गावापुढे ठेवली जावी. चार, गावाचा, खोऱ्याचा आणि भूकंपाच्या धोक्याचा नकाशा मराठीत, फुकट, प्रत्येक ग्रामपंचायतीत उपलब्ध असावा. पाच, हेंडरसन ब्रुक्स अहवाल प्रसिद्ध व्हावा, आणि सीमेवरील कोणत्याही तडजोडीपूर्वी तेथील मेंढपाळांच्या कुरणांची नोंद होऊन त्यांचे म्हणणे संसदेपुढे यावे. लडाखच्या जनतेने २०१९ पासून सहाव्या अनुसूचीची जी मागणी चालवली आहे, ती याच न्यायाने आपलीही मागणी आहे.

यांपैकी पहिल्या दोन मागण्यांसाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. गावात ड्रोन येणार म्हणून दवंडी पडेल त्याआधी कार्यकर्त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढावी, ग्रामसभा बोलवावी आणि गावातील वृद्ध माणसांना, विशेषतः ज्यांच्या वाडवडिलांनी शीव राखली त्यांना, पुढे बसवून नकाशा वाचावा. कोणती विहीर नकाशात नाही, कोणता रस्ता मोडून कोणी नांगरला, कोणते गायरान कोण कसतो, हे त्या बैठकीत लिहून घ्यावे आणि त्यावर सह्या-अंगठे घ्यावेत. असा कागद मोजणी अधिकाऱ्याच्या हाती आधीच ठेवला तर नकाशावर पहिल्यांदाच त्या जमिनीवरच्या माणसाचा हात पडेल. हे काम मोर्च्याइतके गाजणार नाही. पण पुढची पन्नास वर्षे कोणाची जमीन कोणाच्या नावावर राहील ते याच कामाने ठरणार आहे.